ढाल जिंकूनही तू हसला नाहीस

प्रिय दत्त्या,

जिवंत होतास तोवर तुला 'प्रिय' कधी म्हटलं नाही. गाढवा म्हटलं, आयतखाऊ म्हटलं. आता निमूट ऐकून घे.

आज सकाळी रंगीनं पेंडीला तोंड लावलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. भिजवलेली सरकी पेंड, तिच्या जिवाचा खाऊ! नुसता वास घेतला आणि मान फिरवली. मी लगेच कानाला हात लावला, कान तापलेला. खाली वाकून कास बघितली, तर एका सडाला सूज. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो, आणि तिथंच गोठ्यात मला रडू फुटलं. म्हैस पेंड खाईना, तर ती आजारी आहे हे मला एका मिनिटात कळलं. तू ढाल जिंकून हसला नाहीस, तर मला वाटलं तुला माज आलाय!

दोन वर्षं झाली त्या दिवाळीच्या पाडव्याला, म्हशी पळवायच्या त्या शर्यतीला. आधीचे पंधरा दिवस तू वेगळाच होतास रे. म्हशींची शिंगं रंगवायला तुझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाहीस, आणि त्या वर्षी म्हणालास, "तूच रंगीव की." चौकातली मिसळ अर्धी टाकून उठलास. मी रोज तुझ्या कानाशी ओरडत होतो. खालच्या गल्लीनं परत ढाल नेली तर तुलाच दाव्याला बांधीन, असं दहा माणसांत म्हणालो.

"दादा, काय वाटंनाच झालंय बघ मला," तू म्हणालास.

"दोन ठेवून दिल्या की वाटंल!" मी म्हणालो. लोक हसले. मीच मोठ्यानं हसलो.

पाडव्याला मात्र तू सगळ्या कसबा बावड्याला तोंडात बोटं घालायला लावलीस. सायलेन्सर काढलेली गाडी तू पुढं दामटलीस, आणि त्या फटाक्यांत, त्या हलगीच्या कडकडाटात रंगी तुझ्या एका हाकेवर मागनं धावत आली. तू थांबलास तशी पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहिली. बाकीच्यांना काठ्या लागल्या, तुला आवाज पुरला. ढाल आपली झाली! मी फेटा उडवून नाचत होतो. आणि तू ती ढाल घेतलीस आणि रिकामी घागर द्यावी तशी माझ्या हातात दिलीस.

गोठ्यामागं तुला गाठलं.

"मस्ती आलीया व्हय रं तुला? पाच वर्सांनी ढाल आली आनि तोंड मयताला आल्यागत?"

"दादा, पडू दे मला जरा."

एवढंच. एवढ्यावर माझं डोकं फिरलं. खुंट्यावरचं दावं ओढलं, दुहेरी केलं आणि तुला हाणलं. पाठीवर, हातांवर, पायांवर. तू खाली पडलास तरी हाणलं. डाव्या मांडीवर फटका बसला तेव्हा तू म्हणालास, "तिथं नको दादा." कुठं मारायचं हे तू मला सांगणार? मी परत तिथंच मारलं.

पँटच्या आत म्हशीचं शिंग लागलेली जुनी जखम होती, तू हळद भरून फडकं बांधलं होतंस, हे मला कसं कळणार? सांगायचं होतंस की रे! पण कुणाला सांगणार होतास? मी पाडवा चुकवू दिला असता का? नसता. तू जखमेला भीत नव्हतास, मला भीत होतास.

आणि वर माझ्यासाठी खोटं बोललास. आईनं वळ बघितले तर म्हणालास, खालच्या गल्लीच्या पोरांनी गर्दीत मारलं. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही. उलट तुझं खोटं खरं करायला त्याच संध्याकाळी तिघांना घेऊन गेलो आणि खालच्या गल्लीतल्या सुरेशला त्याच्या दारात आडवा केला. लोखंडी पाइपनं त्याचं मनगट मोडलं. "आईशप्पत, मी हात लावला न्हाय त्येला!" तो बोंबलत होता. ते खरं आहे हे तिथं माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

चौथ्या दिवशी तू दवाखान्यात जीव सोडलास. सुरेशच्या घरचे तक्रार देणार होते, तेही मग गप्प बसले. मेलेल्याच्या भावावर कोण तक्रार करणार!

डॉक्टरबाई म्हणाल्या, माराने नाही, जखमेतला जंतू रक्तात गेला. मी त्या वाक्याला गच्च धरलं. मग धीर करून विचारलं, "बाई, त्यो जिंकला तरी हसला न्हाय. का?"

त्यांनी मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, "अंगात अशी सूज भिनली, वर जिवाला ताण असला, की मेंदूपर्यंत आनंद नीट पोचत नाही. बक्षीस हातात असतं, पण आतून काही उसळत नाही. शरीर सगळा जोर दुखण्याशी झगडायला राखून ठेवतं. तो रुसला नव्हता हो, त्याला खरंच काही वाटत नसणार."

मी उठायला लागलो तर त्या आणखी एक बोलल्या. "गोड कमी लागतं, पण कडू जास्त लागतं अशा वेळी. रागावणं, शिक्षा, हे एरवीपेक्षा खोल जातं."

दत्त्या, ढाल तुला लागलीच नाही. दावं मात्र दुप्पट लागलं! हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

सुरेशचं मनगट वाकडं बसलंय. धार काढताना त्याची मूठ वळत नाही, बायको काढते. आई त्या दारावरून जाताना अजून थुंकते, "माझं लेकरू खाल्लंत!" म्हणून ओरडते, आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो. मी तिच्या मागून पिशवी घेऊन चालत असतो.

तुला वचन देतो. आज आईला सगळं सांगणार, दाव्यासकट, तुझ्या खोट्यासकट. ती मला मारेल, घराबाहेर काढेल, कदाचित पुन्हा बोलणार नाही. तिला हक्क आहे. मग सुरेशच्या दारात जाईन. त्याला पाइप उचलायचा असेल तर उचलू दे, मी हात वर करणार नाही. आणि उद्यापासून त्याच्या म्हशींची धार मी काढेन, रोज, दोन्ही वेळा. हाकललं तरी परत जाईन.

आई बाजारातनं आली. चपला काढतेय. जातो.

तुझा मारका
दादा