स्टार्ट, प्रेस, रॅक

२ नोव्हेंबर, रविवार

पस्तीस किलो! बेंचवर निजून, बार छातीवर थांबवून, मग वर. एकदाच, पण स्वच्छ.

दुर्गेश म्हणाला, "मॅडम, अब चालीस दूर नहीं." हा दुर्गेश माझ्याच हाताखाली दहावी झाला. सहामाहीला गणितात चौतीस मार्क होते त्याला, मी पस्तीस केले नाहीत. आता त्याची जिम आहे आणि तो मला आकडे शिकवतो.

खांदे मागे आवळून बेंचमध्ये रुतवायचे. टाचा जमिनीला. बार उतरवायचा तो छातीच्या खालच्या भागावर — गळ्याकडे नाही. आणि तिथे थांबायचं. हे थांबणंच मला जमत नाही. एकोणसाठ वर्षं कुठे थांबले नाही, आता म्हणे पस्तीस किलो छातीवर घेऊन थांबा.

५ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या कामठ्यात धानाची कापणी जोरात. हे सकाळपासून शेतावर, बांधीत. मी गोंदियाच्या जिमला जायला स्कूटी काढली तर शेजारची शामकला फाटकाशीच उभी.

"कायले लोखंड उचलाले जाऊन राहिल्या जी बाई? घरी धानाचे कट्टे का कमी आहेत?"

म्हटलं, "पोती उचलून मेडल मिळत नाही."

"मेडल का भातात टाकून खायचा आहे?"

मी स्कूटी सुरू केली. गोंदिया येईपर्यंत स्वतःवर चिडत होते. उत्तर सुचायला हवं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारी दहाला लेकीचा, भूमिकाचा फोन येतो. नागपूरहून, यांच्या मोबाईलवर. यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावून अंगणात बसतात. मी आत. रविवारी दहाला मला नेहमी आतच काम असतं. आज तूर सोलत होते.

धान कितपत झालं, दुखरा गुडघा कसा आहे, नव्या बोअरला पाणी लागलं का. मग विचारते, "आई?"

हे सांगतात, "बरी आहे."

"हं."

एवढंच. मग पुन्हा बोअर. या 'हं'साठी मी सोमवारपासून थांबलेली असते. कधी लांब असतो, कधी तुटका. आजचा मधला होता.

फोन मला द्या म्हटलं तर देतील. दिलाय पूर्वी. "कशी आहेस, जेवलीस का, बरं, बाबांना दे." तीन वाक्यं, नऊ वर्षं. त्यापेक्षा तूर सोलावी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज भांडले. खुशीशी. अकराच्या बायकांच्या बॅचला तीच एक माझ्यासारखी वजनं उचलणारी, बाकीच्या सायकल चालवतात. मी बेंचवर आडवी झाले की ती डोक्यामागे स्पॉटर म्हणून उभी राहते — बार अडकला तर धरायला. तेवीस वर्षांची पोर. रोज ओरडते, "आंटीजी, पूरा आपका है! पूरा आपका!"

आज बाजूच्या आरशात दिसलं. तिची दोन बोटं बारखाली!

"कधीपासून?"

"आंटी, बस टच था..."

"कधीपासून ते सांग."

"दिवाळीच्या आधीपासून."

म्हणजे पस्तीस माझे नाहीत. पस्तीस वजा दोन बोटं. दुर्गेश हसायला लागला — "मॅडम, ये तो चलता है. सगळ्या जिममध्ये स्पॉटर असंच म्हणतो. नाहीतर पब्लिक दुसऱ्या महिन्यात पळून जाते."

तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं, बोट लागलं की तो मोजायचा नाही. वहीतले दिवाळीच्या आधीपासूनचे सगळे आकडे खोडले. खुशी रडवेली झाली. मग बत्तीसवर गेले. हात मागे बांधून उभी राहा म्हटलं. राहिली.

बत्तीस निघाला. एकटीचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

दहाला फोन. 'हं' तुटका.

दुपारी दुर्गेशचा फोन. चौदा डिसेंबरला जिल्ह्याची बेंच प्रेस स्पर्धा आहे. "आपण नाव द्या. पन्नास ते एकोणसाठच्या गटात लेडीज कोणीच नाही."

म्हटलं, मग हरायचं कुणाकडून?

तो जरा अडखळला. "मॅडम, सेंटर रेफरी नागपूरहून येते आहे. भूमिका. आपल्याला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. ती रेफरीची परीक्षा पास झाली हेसुद्धा मला माहीत नव्हतं. यांना होतं. विचारलं तर म्हणाले, "तू विचारलंच नाही कधी."

बेंच प्रेसमध्ये सेंटर रेफरी तीन हुकूम देते. स्टार्ट — की बार खाली आणायचा. छातीवर स्थिर झाला की प्रेस. वर नेऊन हात सरळ झाले की रॅक, म्हणजे बार स्टँडवर परत. हुकमाआधी हललं की बाद. प्रत्येकीला हेच तीन शब्द. प्रत्येकीला तीन संधी.

म्हणजे नऊ शब्द.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नाव दिलं. यांना बजावलं, तिला सांगायचं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहून टाकते. कधी लिहिलं नव्हतं.

सोळा साली भूमिका वीस वर्षांची होती. याच जिममध्ये दुर्गेशकडे जायची. राज्य स्पर्धेत निवड झाली, अमरावतीला. सकाळी सहाला गाडी. आणि त्याच दिवशी देवरीचे लोक तिला बघायला येणार होते. मुलगा इंजिनिअर. मी दुर्गेशला आदल्या दिवशीच फोन केला — भूमिका येणार नाही. तो माझा विद्यार्थी, का म्हणून विचारायची हिंमत नव्हती. पहाटे मी तिच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. सात वाजता काढलं. बॅग भरलेली होती, ती पलंगावर बसून होती. उठली. मोरीत गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. अकरा वाजता साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन आली.

देवरीच्यांचं उत्तरच आलं नाही.

ती वर्षाच्या आत नागपूरला गेली. तिथे एका जिममध्ये शिकवते. लग्न केलेलं नाही. त्यावर मी काही बोलत नाही, बोलायचा हक्क कुठे आहे?

डॉक्टरांनी हाडं ठिसूळ होतायत, वजनं उचला म्हणून सांगितलं ते खरं. पण हाडांसाठी कामठ्यातही काही करता आलं असतं. रोज बावीस किलोमीटर जाऊन-येऊन मी त्याच बेंचवर का निजते, ते डॉक्टरांना ठाऊक नाही. भिंतीवर तिचा फोटो आहे, पंधरा सालचा. दात ओठ खाऊन बार वर नेतेय. घरात असं तोंड तिनं कधी केलं नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं हे तोंड.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाय दुखतात. पाऊस नाही, काही नाही. उगाच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्गेश हुकूम देऊन सराव घेतो. "स्टार्ट!" "प्रेस!" मुद्दाम उशीर करतो. छातीवर बार, श्वास कोंडलेला, आणि हा आपला फॅनकडे बघत उभा. "मॅडम, भूमिका इससे भी ज्यादा रुकाती है. नागपूरमें सब डरते हैं उससे."

ऐकून छाती फुगली. बार हलला. "बाद!" म्हणाला.

डोकं, खांदे, कंबर बेंचला टेकलेली हवी. पाय हलता कामा नयेत. साडेसदतीस अजून अर्ध्यातच अडकतो. खुशी आता हात मागे बांधूनच उभी राहते, अडकला की मगच धावते. ओरडत नाही. मला तिचं ओरडणं आवडायचं, हे तिला सांगायचं राहून गेलं.

७ डिसेंबर, रविवार

"आई?"

"बरी आहे. लय..." आणि थांबले. मी दारातून डोळे वटारले.

"लय काय, बाबा?"

"लय काम असते तिले."

"हं." आजचा लांब होता! यांना जेवायला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

१० डिसेंबर, बुधवार

साडेसदतीस. एकटीचा. कुणाचं बोट नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

दुर्गेश म्हणतो, आराम करा. कपाट आवरलं, ट्रंक आवरली, उडदाची डाळ निवडली. हा माझा आराम.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ

स्पर्धा मंगल कार्यालयात होती. बायकांचं वजन वधूपक्षाच्या खोलीत. बायकांचं वजन बाईनंच घ्यायचं असा नियम, आणि रेफऱ्यांत बाई एकच.

दार ढकललं. टेबलामागे भूमिका. निळा ब्लेझर, केस कापलेले. समोर यादी होती, म्हणजे नाव आधीच वाचलं असणार. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. माझ्यावरच गेली आहे.

"नाव?"

"अंजू मनिराम रहांगडाले."

"जन्मतारीख?"

सांगितली. जशी तिला ठाऊकच नाही.

"चप्पल काढा. काट्यावर उभ्या राहा. हलू नका." लिहून घेतलं. "एकसष्ट किलो चारशे. रॅकची उंची?"

"सहावी खाच."

"पहिलं वजन?"

"साडेबत्तीस."

तेव्हा तिनं वर पाहिलं. "उठते?"

"उठते."

"सही करा."

बाहेर येऊन खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. 'उठते?' हा हुकूम नव्हता. ते यादीत नसतं.

एकानं हरकत घेतली — "माँ-बेटी है, चलेगा क्या?" आयोजक म्हणाले, गटात बाई एकटीच, फायदा कुणाचा नि तोटा कुणाचा? बाकी दोन रेफरी आहेतच.

बेंचवर निजलं की सेंटर रेफरी डोक्याच्या बाजूला बसते. दिसत नाही. फक्त ऐकू येते.

साडेबत्तीस. "स्टार्ट!" — केवढा आवाज झालाय तिचा! खणखणीत. "प्रेस!" "रॅक!" तिन्ही रेफऱ्यांच्या झेंड्या पांढऱ्या.

साडेसदतीस. "प्रेस" खूप उशिरा आला. दुर्गेश खोटं बोलत नव्हता. पुन्हा तिन्ही पांढऱ्या. खुशी शिट्ट्या वाजवत होती.

मग चाळीस. दुर्गेश नको म्हणत होता. मी लिहून दिलं. चाळीस कधी उचललाच नव्हता. बार खाली आला, छातीवर टेकला. हॉलमध्ये आरडाओरडा, सगळी जिम उभी — "मॅडम! मॅडम!" त्या गोंगाटात मला तिचं काही ऐकू येईना. ती बोलली का? की अजून बोलायची आहे? बार छातीवर जड होत चालला. आणि मग आलं — "प्रेस!" गेला वर. कसा गेला ठाऊक नाही. थरथरत, डावा हात मागे, पण गेला. "रॅक!"

दोन पांढऱ्या. मधली लाल.

दोन पांढऱ्या असल्या की मान्य. चाळीस मान्य. टाळ्या. दुर्गेशनं मला उचलायचंच बाकी ठेवलं. आणि सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. कुणीतरी म्हणालं, "सगी माँ को लाल!" ती पुढच्या नावाची चिठ्ठी वाचत होती.

मेडल आयोजकांनी घातलं. रेफरी तेव्हा जेवायला गेले होते. हे बाहेर जाऊन तिला भेटून आले. म्हणाले, "गाडी पकडायची आहे तिले." मी भेटायला गेले नाही. काय म्हणणार? नऊ हुकूम ऐकले, पोट भरलं?

भरलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शामकला सकाळीच. अख्ख्या कामठ्यात पोचलंय. "पोटची पोर अन् मायले लाल झेंडी दाखवते! असा कसा व काळजा असते?"

म्हटलं, तिचं काम आहे ते.

"कामच असन, पण आईवर का जोर काढाव?"

तिला चहा दिला नाही.

अकराला खुशीनं व्हिडिओ दाखवला. पाच वेळा पाहिला. बार छातीवर असताना माझं डोकं बेंचवरून उचललं गेलंय. दोन बोटं वर. बाजूचे रेफरी कंबर नि कोपरं बघत होते, त्यांना दिसलं नाही. डोक्याकडून फक्त ती बघत होती. मी का उचललं ते मला ठाऊक आहे. त्या गोंगाटात तिचं ऐकायला.

लाल बरोबर. मी असते तर मीही लालच दिली असती.

दुर्गेशला सांगितलं, भिंतीवरच्या फळ्यावर चाळीस लिहू नको. साडेसदतीस लिही.

"मॅडम, ऑफिशियल आहे!"

"असेल. माझं नाही."

त्यानं लिहिलं साडेसदतीस. खडू मोडला रागानं.

१६ डिसेंबर, मंगळवार

रविवार अजून पाच दिवस.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडेनऊला फोन वाजला. माझा. भूमिका.

"तू डोकं उचललं होतंस," म्हणाली.

"माहीत आहे."

आता ठेवेल वाटलं. ठेवला नाही.

"आई, अमरावतीला मला जायचंच नव्हतं. आठ दिवसांपासून पहिलं वजनसुद्धा उठत नव्हतं. सगळ्यांसमोर पडणार म्हणून रात्रभर उलट्या झाल्या. तू कुलूप लावलेलं ऐकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. मग त्याचीच एवढी लाज वाटली... मी सगळ्यांना तुझंच नाव सांगत राहिले. दुर्गेशला, बाबांना. नंतर मलाही तेच खरं वाटायला लागलं."

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही, पण फोन ठेवला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अकराची बॅच चुकली.