धोंडुबाईच्या नावे, चुलीसकट

मी, कृष्णात राघू थोरवडे, धर्म बौद्ध, पूर्वी फौजेत व पुढे विलायतेत ओतकामाच्या कारखान्यात कामाला, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, माझ्या मागची व्यवस्था आज लिहवून ठेवतो. छातीचा भरवसा उरलेला नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला आला होता, त्याचे पुढे येईल.

कलम पहिले. मलकापुरातील घर व त्याखालची जागा माझ्या कमाईची आहे, वडिलार्जित नाही. ती माझ्या पश्चात पत्नी धोंडुबाई हिची एकटीची. आम्हाला मूल नाही म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. विकावे, राखावे, तिची मर्जी.

कलम दुसरे. धाकटा भाऊ गुंडा याचा घरात हिस्सा नाही. का, ते लिहितो. कोयनेच्या भूकंपात स्वयंपाकघराची भिंत पडली. मला खाटेसकट बाहेर लिंबाखाली आणून ठेवले होते. गुंडा आला आणि माझी विचारपूससुद्धा न करता म्हणाला, "वैनी, घर पडलंच हाय. दादाचं बी काय खरं न्हाई. निम्मी जागा आत्ताच सोडा."

ती माती कालवत होती. म्हणाली, "भिंत मी घालती. जागा हाय तेवढीच ऱ्हाईल."

मी ऐकत होतो. उठून बोलायचा दम नव्हता, म्हणून आज बोलतो आहे. माझा विलायती ओव्हरकोट मात्र गुंडाला द्यावा. थंडी त्यालाही वाजते, आणि राग धरून ठेवायचाही आता कंटाळा आला आहे.

कलम तिसरे. माझी ओतकामाची सर्व हत्यारे सांगलीच्या बिराप्पाला द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. विलायतेत आम्ही एका खोलीत राहत होतो. गावाकडे असता तर तो माझ्या घरचे पाणी प्यायला नसता. तिथे एका ताटात जेवलो.

धोंडुबाई दर उन्हाळ्यात कांदा-लसणाची चटणी कुटून पार्सलने पाठवी. मी ती पुरवून खाई, पण रविवारी डबा उघडून नुसता नाकाशी धरी. धुराने काळवंडलेले आढे, वाळत घातलेल्या मिरच्या, तिचे तिखटाचे हात, सगळे समोर येई. त्यावर पुढचा आठवडा निघे. एका रविवारी डबा नाकाशी धरला, तर समोर काहीच आले नाही. चटणी उतरली असे समजून मी ती टाकायला निघालो. बिराप्पाने हात धरला.

"टाकतोस कशाला गड्या? जिन्यापतुर वास सुटलाय."

"मला येत न्हाई."

त्याने डबा हुंगला, मग माझ्याकडे पाहिले. "खरंच न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, भट्टीच्या धुराने नाक गेले, आता छाती सांभाळा. मला वाटले, गावी गेलो की येईल. म्हणून परत आलो. कराड स्टेशनावर उतरून मोठा श्वास घेतला. खोकला आला, बाकी काही नाही.

कलम चौथे. बुद्धवंदना म्हणून साधेपणाने निरोप द्यावा. उदबत्त्यांवर खर्च करू नये. जिवंतपणीही त्या माझ्या कामाच्या राहिल्या नव्हत्या.

कलम पाचवे. हे शेजाऱ्यांसाठी. नाकाचे मी धोंडुबाईला सांगितले नव्हते. एकदा मी चुलीपाशी बसलेलो असताना तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. ती बाहेरून धावत आली.

"आवं, आळीभर वास गेला. तुमास्नी कसं कळलं न्हाई?"

"ते तिकडंच गेलं," मी म्हणालो.

ती तवा खरवडत बसली. संध्याकाळी फोडणी टाकताना म्हणाली, "लसूण लाल झालाय बघा. आता जिरं." तेव्हापासून रोज सांगते. पलीकडं गूळ शिजतोय. शेणी पेटल्या. म्हशीला ओला कडबा टाकलाय. ती सांगते आणि मला थोडे थोडे आठवते. तेवढे पुरते.

मी गेल्यावर तिची ही सवय लगेच मोडणार नाही. रिकाम्या घरात ती एकटीच बोलत बसली तर तिला कोणी वेडी ठरवू नये, आणि गुंडाने त्या निमित्ताने जागेवर हक्क सांगू नये. चूल पेटते आहे तोवर तिला बोलू द्यावे.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

सही: कृष्णात राघू थोरवडे

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. आप्पासाहेब ज्ञानू येडगे, रा. मलकापूर
२. मधुकर भाऊ लादे, रा. कराड

लिहिणार: नानासो बाबू शिणगारे

मलकापूर, ता. १७ मार्च १९६८