नवे टायर मागे

प्रिय अण्णा,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुला लिहायची माझी हिंमत झाली नाही. आज लिहायला बसलोय, कारण आज तुझ्या वॅगनला टायर घालून आणले. खामगावहून. गाडी तुझा विलास चालवत होता आणि शेजारी मी बसलो होतो. ज्या गाडीकडे आजवर पाठ करून चाललो, तिच्यात!

विलास अठरा वर्षांचा झालाय. आरशात बघताना तुझ्यासारखीच मान तिरकी करतो. उन्हाळ्यात बुलढाण्याचा मेकॅनिक आणून त्यानं शेडमधली गाडी सुरू केली. वहिनीला त्याच गाडीतून सोनाळ्याला, तिच्या माहेरी न्यायची त्याला भारी हौस. वहिनी आधी तयारच होईना. मग म्हणाली, ने, पण बैलगाडीच्या चालीनं ने, आणि आधी टायर बदल.

तिनं सहज म्हटलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुला ठाऊक आहे, एवढ्या जड गाडीला साध्या मोटारीचे टायर चालत नाहीत, जाड थरांचे लागतात. टायरवाल्याकडे आपल्या मापाचे नवे दोनच निघाले. बाकीचे दोन त्यानं रिसोलचे दाखवले, जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. दोन नवे, दोन रिसोल. अगदी तेव्हासारखंच! विलासनं नव्या टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, हे समोर टाका, गाडी उठून दिसते.

मी ओरडलो, अण्णा. मागे टाक, मागे, असं इतक्या जोरात की दुकानातली माणसं वळून बघू लागली.

"काऊन, काका?" त्यानं विचारलं.

काय सांगणार? तुझा बाप तसं म्हणायचा, एवढंच कसंबसं बोललो. पोरगा हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाला, "बाबाले टायरची काय फिकीर, काका? ते तं गाडी पळवतच होते."

बाबाले टायरची काय फिकीर! हे तुझा मुलगा बोलला आणि मी टायरवाल्याचे पैसे मोजत राहिलो.

जिनिंग गिरणीच्या साहेबाकडून तू हे धूड घेतलंस, तेव्हा आबा म्हणाले होते की यानं घरालाच चाकं लावली. तीन रांगांत आपण सगळे, वर पोरं, मागे पोती, एकदा तर चक्क गोऱ्हा! निघताना तू प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून बघायचास. या गाडीचं वजन सगळं मागे, म्हणून चांगला टायर मागे, हे मला किती वेळा सांगितलंस. पुढचा फुटला तर स्टीअरिंग ओढतं, पण हातात तरी राहतं. मागचा फुटला की गाडी आपल्या मर्जीनं फिरते. मी शाळामास्तर, पोरांकडून पाढे घोकून घेतो, आणि तुझं एवढं एक मला पाळता आलं नाही.

की पाळायचंच नव्हतं?

तू चार दिवसांसाठी नागपूरला गेलास आणि टायर बसवून घ्यायचं काम माझ्यावर सोपवलंस. दुसऱ्याच दिवशी धाड गावी माझ्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं. पाहुण्यांच्या अंगणात गाडी तोंड पुढे करून उभी राहणार. रिसोलच्या टायरची नक्षी नवी, पण बाजूंना टाचांसारख्या भेगा. त्या भेगांची मला लाज वाटली. मागची चाकं मडगार्डखाली अर्धी झाकलेली असतात, तिकडे कोण बघतंय, असं म्हणून नवे मी पुढे बसवून घेतले.

आणि मला हवं तसंच झालं. चहा झाल्यावर माझे सासरे उठून गाडीपाशी आले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते त्यांनी चिमटीत धरून पाहिले आणि समाधानानं मान हलवली. शांता ही गोष्ट अजून कौतुकानं सांगते. बाबांनी माणसाआधी टायर पसंत केले, म्हणते. सगळे हसतात, मीही हसतो.

परत आल्यावर बदलून घ्यायचेच होते, देवाशपथ. पण एक दिवस शाळातपासणीत गेला, एक बाजारात, आणि तू परत आलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुरीची पोती भरलीस. खामगावला तूर विकून माझ्याच लग्नाचे कपडे आणणार होतास. तारीख ठरवायला सासरे आले होते, आम्ही ओसरीवर बसलो होतो. तू अंगणातून आवाज दिलास.

"मध्या, टायर बसवले नं? नवे मांगंच नं?"

"हाव," मी म्हणालो.

सासऱ्यांदेखत तू मला झापशील, एवढ्याच भीतीनं. दुसरं काहीही कारण नव्हतं. किती शोधलं, अण्णा, सापडलं नाही.

पण तू तरी कसा रे? मेथीची जुडी घेताना तीनदा उलटून पाहणारा माणूस, त्या दिवशी वाकून का नाही पाहिलंस? माझ्यावर विश्वास ठेवायला तुला कोणी सांगितलं होतं? या एका गोष्टीचा मला तुझा राग येतो. मग त्या रागाचीच लाज वाटते.

बोथ्याच्या घाटात उतारावर मागचा डावा टायर फुटला. पोत्यांच्या भारानं गाडी फिरली आणि सागाच्या झाडावर गेली. गाडीचं दार चेपलं, काच फुटली. तू गेलास. पंचनाम्याच्या वेळी फौजदारांनी मला टायरचं विचारलं. चारही चांगले होते, असं मी सांगितलं. मग त्यांनी कारण लिहिलं, भरधाव वेग. तेव्हापासून गावात तू भरधाव वेगानं गेलेला माणूस आहेस. आबा तेच मनात घेऊन गेले.

मी सुटलो असं समजू नकोस. एसटीत चढण्याआधी मी बसची मागची चाकं बघून येतो. मास्तर टायर काऊन पाहून राह्यले, म्हणून लोक हसतात. भर दुपारी शेडवरून गेलो की मागच्या चाकापाशी तू उकिडवा बसलेला दिसतोस, पाठ माझ्याकडे. एकदा हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच माघारी फिरलो. तू वळला असतास तर काय म्हणाला असतास?

आणि वहिनी! दर सर्वपित्रीला तुझा घास ठेवते आणि दरवर्षी तुला विचारते, "एवढी काय घाई होती तुम्हाले?" रडून नाही, रागानं विचारते. तिला वाटतं, तू घरादाराचा विचार न करता गाडी पळवलीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा असतो. अकरा वर्षं ती तुझ्याशी भांडतेय आणि मी भांडू दिलं.

आज येताना विलासनं घाटात त्या वळणावर गाडी थांबवली. वहिनीनंच सांगून ठेवलं होतं. खाली उतरून त्यानं सागाच्या झाडाला हात जोडले आणि अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "बाबा, मी हळूच चाललो."

मग मला राहवलं नाही, अण्णा. तिथेच सगळं सांगितलं. उलटसुलट, आधी फौजदार, मग धाड, मग ओसरीवरचं ते 'हाव'. तो मागच्या चाकाकडे बघत ऐकत होता. मारील असं वाटलं. मारावं असंही वाटलं. तो गाडीत जाऊन बसला आणि त्याच हळू चालीनं घरापर्यंत चालवत आला. फाटकापाशी इंजिन बंद करून म्हणाला, "आईले तुम्हीच सांगजा, काका. मी नाई सांगणार. मले आधी बाबाची माफी मांगाची आहे."

ज्यानं काहीच केलं नाही, तो माफी मागणार! आणि मी?

वहिनीनं चाकांवरून पाणी ओवाळलं, नारळ फोडला. पोरगा हळू चालवत आला म्हणून आज खूश आहे. आता आत आमच्यासाठी भाकरी थापतेय, थापण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. उद्या सकाळी ते सोनाळ्याला निघतील.

तुला शब्द देतो, अण्णा, ताटं वाढून होण्याआधी मी तिच्यासमोर उभा असेन. माझ्या हातचं पाणी ती पुन्हा घेणार नाही कदाचित. शांताही ते टायरचं कौतुक पुन्हा सांगणार नाही. होऊ दे. वहिनीनं अकरा वर्षं तुला विचारलं ते आता मला विचारू दे. बाकी कसं सांगेन ते माहीत नाही, पण पहिलं वाक्य ठरलंय. तेवढं म्हणतो आणि मग ती काय करील ते करो.

"वहिनी, अण्णाले काहीच घाई नव्हती."

तुझ्याशी खोटं बोललेला, तरी तुझाच,
मध्या