आबांनी पाय टेकला

जुना जालना,
सोमवार

प्रिय आदिनाथ,

फोन असताना ही बाई पत्र का लिहून राह्यली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आधी सगळं वाचा, मोठ्यानं वाचू नका, अन् चिडायचं तर शेवटी चिडा. तुम्ही रोज विचारता, मामांचा पाय कसाय? मी रोज म्हणते, आबांचा पाय बराय. तो बरा न्हाई. पाय राहतो का जातो, इथपर्यंत गोष्ट आलीय.

सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे, पण अर्धीच. धावड्याच्या रानात मेंढरं चारताना आबांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच न्हाई. आईला कळलं ते गोधडीवर ओला डाग दिसला तेव्हा. मंग आमच्या आबांनी काय करावं? मेंढीच्या खुरात किडे झाले की फिनेल ओततात ना, तेच स्वतःच्या जखमेत ओतलं! वर म्हणतात कसे, माझी मेंढरं बरी होतात, मी काय त्यांच्याहून नाजूक आहे? दुखत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं जखम भरून राह्यलीय. इथं जालन्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न दुखणं हाच घात झाला. फिनेलनं चांगलं मांसही जळालं. वरून खपली धरलेली अन् आत खड्डा वाढत चाललेला.

डॉक्टरीणबाईंनी मेलेलं मांस कापून काढलं तेव्हा आबा आरामात पडून मला विचारत होते, मेंढरांना पाणी दाखवलं का? मी भिंत धरून उभी. मंग ते मशीन लावलं. खड्ड्याच्या मापाचा काळा स्पंज कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकटपट्टी, तिला एक नळी, अन् नळी मशीनला. मशीन आतून ओढत राहतं, घाण पाणी डब्यात जमतं अन् तळातून नवं मांस वर येतं. पट्टी कुठं सुटली अन् हवा शिरली की ते ओरडतं. फार वेळ बंद राह्यलं तर स्पंज काढून टाकावाच लागतो, न्हाई तर तोच जखम नासवतो. अन् सगळ्यात मोठी अट, तो पाय जमिनीला लावायचा न्हाई. मोरीत जायचं तरी वॉकर धरून एका पायावर. पट्टी बदलणाऱ्या नंदाबाई सिस्टर त्यांना बजावायच्या, काका, मशीन जखम भरून आणेल, पण तुम्ही तिच्यावरच उभे राह्यलात तर ते बिचारं काय करणार?

अन् भरत होती हो! कडा आत सरकल्या होत्या. तळ डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल दिसत होता. आईनं तर डॉक्टरीणबाईंची दृष्टच काढली, भर दवाखान्यात. मला इतकी लाज वाटली अन् इतका आनंद झाला.

त्याच आठवड्यात मामंजी इथं भाड्याच्या खोलीवर आले, मोसंबीची पिशवी घेऊन. माणूस चांगुलपणानंच आला. पण व्याही दारात अन् आबा खाटेवर पाय लांब करून पडलेले! मी हां हां म्हणेपर्यंत आबा पटका बांधून उभे, दोन्ही पायांवर. गळाभेट झाली, राम राम झाला, अन् खाली मशीन ठणाणा करायला लागलं. मामंजींना वाटलं फोन वाजून राह्यलाय. नंदाबाईंनी सगळं नव्यानं बसवलं तेव्हा कडेचं कोवळं मांस चेंगरलेलं होतं. डॉक्टरीणबाई आबांवर रागावल्या. आबा मान खाली घालून ऐकत होते, अन् बाहेर आल्यावर मला म्हणाले, तिनं लेक दिलेली न्हाई वाटतं कुणाच्या घरी.

आता तुमचं सांगते. मागं तुम्ही आल्ते, तेव्हा किती खूश होऊन गेले! मामा ठणठणीत झाले, जिना उतरून मला गाडीपर्यंत पोचवलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं. आदिनाथ, त्यांनी नळी धोतरात खोचली होती अन् मशीन उपरण्याखाली धरलं होतं. मी मागून त्यांचा सदरा ओढत होते, ते माझा हात झटकत होते. तुमची गाडी गल्लीतून वळली अन् ते पायरीवर बसले. नळी लालभडक. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ताजं रक्त दिसलं तर मशीन बंद करा, जखम दाबून धरा अन् जल्दी घेऊन या. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. आई ऑटोला हाका मारतेय, समोर धान्याच्या पोत्यांचा ट्रक आडवा, अन् आबा काय म्हणाले असतील? जावयाला कळता कामा न्हाई. मी रडत रडत हो म्हणाले. रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं होतं.

पुन्हा कापून साफ करावं लागलं. खड्डा आता हाडाजवळ गेलाय. मशीन पुन्हा लावलंय, पण डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, आता एकदा जरी भार पडला तर जंतू हाडात जातील अन् पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. अन् आबांनी काय चालवलंय? तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आलाय, जावई रविवारी येणार, म्हणून आईला अनारशांचं पीठ लावायला सांगितलं, चौरंग मागवला, तांब्या घासून घेतला. स्वतः खाली बसून तुमचे पाय धुणार आहेत! मी पटका लपवला, चौरंग लपवला, तोंडाला येईल ते बोलले. खाटेवरूनच करा म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, पोरी, पाय गेला तर लाकडाचा लावीन, जावयाचा मान गेला तर काय लावू?

म्हणून लिहून राह्यले. रविवारी येऊ नका. सुट्टी न्हाई म्हणालात तर ते पुढचा दिवस धरतील, रुसलात तर समजूत काढायला तुमच्याकडं तीर्थपुरीला निघतील. त्यांना एकच गोष्ट अडवू शकते. बिरोबापुढं उभे राहा अन् बोला, मामांची जखम भरेपर्यंत मी सासऱ्याच्या दारी पाऊल टाकणार न्हाई. देवाला बोललेलं ते मोडायला लावणार न्हाईत. पण खरंच बोला, खोटं सांगू नका, ते माझ्या डोळ्यांत बघून ओळखतात. मामंजींनाही थांबवा, सून उद्धट आहे म्हणाले तरी चालेल. जखम भरायला महिने लागतील, तोवर तुमची माझी भेट न्हाई. हे फोनवर सांगणार होते, दोनदा लावलाही. पण तुम्ही हॅलो म्हणालात की माझ्या तोंडून, कधी येता, एवढंच निघतं. मला इथं फार एकटं वाटतं, आदिनाथ. ते मात्र मनावर घेऊ नका, न्हाई तर तुम्ही उद्याच निघाल.

तुमचीच,
प्रांजली