उन्हात ठेवलेले सेल

प्रिय मिलिंद,

जय भीम. तू जाऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही. काल कोंडाणे गावी सुमनकडे गेले होते. तिथे जे ऐकलं ते इतर कुणाला सांगण्याआधी तुला सांगायला हवं.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या सुमनबाई तुला आठवत असतील. त्यांचा दीर जहाजावर होता. त्याच्याच कॅसेटवरून मी तुला ती गाणी भरून आणली होती. दीर आता कायमचा घरी आला आहे. त्याच्या ट्रंकेत ती मूळ कॅसेट निघाली. त्या जर्मन बँडची पहिली. मी म्हटलं, शेवटचं गाणं लावा.

गाणं हळू वाजत होतं. मला वाटलं, मशीन बिघडलं. सुमनने भजनाची कॅसेट लावून पाहिली, ती ठीक होती. पुन्हा ते गाणं लावलं. तेच सूर, तीच गिटार, पण सावकाश. गाणाराही तोच, पण आवाज भरदार, खालच्या पट्टीतला.

मिलिंद, तुझी कॅसेट पळत होती!

त्या दिवशी काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. दीर दुसऱ्या दिवशी जहाजावर जाणार होता, त्यामुळे गाणी त्याच दुपारी भरायची होती. कोंडाण्यात दोन दिवस वीज नव्हती. निघताना तू मला बजावलं होतंस, "तायडे, नवे सेल घाल हां. जुने घालू नको." मी नवे घेतले नाहीत. विसरले. मग सुमनच्या कौलांवर जुने सेल तासभर उन्हात ठेवले. आपण सगळेच ठेवायचो की! रेडिओचे, बॅटरीचे. उन्हाने सेलात जीव येतो, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. दिराच्या मशीनमध्ये नवे सेल, आपल्या मशीनमध्ये उन्हातले. सेल उतरत गेले तशी आपली टेप हळू फिरत गेली. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं नीट चालणाऱ्या मशीनवर लावलं की पळतं, आणि आवाज चढतो. पहिलं गाणं थोडं पळत होतं. शेवटचं सर्वांत जास्त.

घरी आल्यावर तू विचारलंस, "नवे घातलेस ना?"

मी "हो" म्हणाले.

तिसऱ्या गाण्यात सुमनची सासू खोकली होती. तू कॅसेट थांबवून विचारलंस, "ताई, ह्यात शेळी कुणी घेतली?" आपण केवढे हसलो! तिचा घोगरा खोकला एवढा बारीक कसा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित थोडं कळलंही असेल. पण त्या बँडचा गाणारा मुळातच टिपेला जाऊन ओरडायचा आणि गिटारवाला मुळातच जोरात सुटायचा. कुठवर खरं आणि कुठून सेलाचं, हे कोण सांगणार?

तू गिटारवर ती गाणी शिकायला बसलास. कुंभिवलीच्या टायरच्या दुकानातून आलास की हात घासायचास, पण नखांतलं काळं कधी गेलं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवून तुझी बोटं आधीच चपळ होती. गिटार तू बेंजो पार्टीच्या अॅम्प्लिफायरला जोडायचास. कॅसेटचा सूर गाठायला तारा ताणायचास, प्रत्येक गाण्याला आणखी थोड्या. पहिली तार सारखी तुटायची. एकदा गालावर बसली. तू म्हणालास, "त्यांच्या तारा कसल्या असतील गं?"

शेजारचे नाना ओट्यावरून ओरडायचे, "काय रं मिल्या, पिंजाऱ्याकडं कामाला लागलास काय?"

दीड वर्षात सात गाणी आली. आठवं, शेवटचं, येत नव्हतं.

मग खोपोलीच्या कॉलनीतल्या चौघांनी तुला बोलावलं. त्यांच्या बँडला गिटारवाला हवा होता. तुला ते किती हवं होतं हे मला माहीत आहे. तू शर्टाला दोनदा इस्त्री केलीस. तिथे तू सातवं गाणं वाजवलंस. ड्रमवाल्याने मध्येच काठ्या खाली ठेवल्या.

परत आल्यावर तू जेवलाही नाहीस. मी खोदून विचारलं तेव्हा बोललास.

"ते बोलले, एवढं फास्ट कुणी वाजवत नाय. मी बोललो, वाजवतात, माझ्याकडं कॅसेट हाय. तर हसले. बोलले, बेंजोवाला हाय, बेंजोच वाजवतोय."

"मग?"

"आठ दिवसांनी ये बोलले. शेवटचं गाणं साफ वाजवलं की गप होतील."

ते आठ दिवस मी पाहिले. तू दुकानात गेला नाहीस. बोटांच्या टोकांची सालं निघाली. आठव्या दिवशी तू खोपोलीला गेला नाहीस. गिटार पोत्यात बांधून माळ्यावर टाकलीस आणि म्हणालास, "माझी बोटं त्या कामाची नायत, ताई."

मी काय म्हणाले? "जाऊ दे रं." बस, एवढंच.

तू एकदाही मूळ कॅसेट का मागितली नाहीस? माझ्यावर एवढा विश्वास कशाला ठेवायचा? दीर वर्षाला एकदा यायचा. मला सांगितलं असतंस तर मी आणली असती. आणली असती का? तेही आता नक्की सांगता येत नाही.

कावीळ झाली तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास. दवाखान्यात आपण बऱ्याच गोष्टी बोललो. ही नाही बोललो.

काल घरी येऊन तुझी कॅसेट काढली. सुमनकडची मूळ कॅसेट मागून आणली होती. घड्याळ समोर ठेवून दोन्ही ऐकल्या. तू जे सातवं गाणं वाजवायचास ते त्या जर्मनांनी वाजवलेल्या सातव्यापेक्षा बरंच पुढे होतं. आणि ज्या आठव्यापाशी तू हरलास ते गाणं त्या वेगाने जगात कुणीच वाजवलेलं नव्हतं. तिथे माणूस नव्हता, मिलिंद. उतरलेले सेल होते.

आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पोरगा गुणाचा होता, पन धरसोड. आरंभशूर. काय पुरं केलं नाय." मी शेजारी बसून ऐकते. चौदा महिने ऐकते आहे.

रविवारी मी पोशीरला आईकडे जाईन. तिच्यासमोर दोन्ही कॅसेट लावीन. तिला त्या गाण्यातलं काही कळणार नाही, पण कुठलं पळतं एवढं कळेल. मग सेलांचं सांगेन, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले तेही सांगेन. ती मला बोलेल. बोलू दे. पण त्यानंतर माझ्या देखत तुला कुणी धरसोड म्हणणार नाही, हा माझा शब्द.

तुझी ताई,
सुजाता