अडीच म्हणायचं नाही

५ फेब्रु., गुरु.
पहाटे उठून बघते तर अल्बम आलेला. आमच्या पंक बँडचा, 'फाटक बंद'चा नवा, सहा वर्षांनी. पहिली शिफ्ट होती, म्हणून कंपनीच्या बसमध्येच ऐकला. कामशेतला बसले तेव्हा खुशीत होते, तळेगाव एमआयडीसीत उतरले तेव्हा डोक्यात तिडीक.
नाव 'सावकाश'. घाटातल्या पाटीवरून उचललंय म्हणे. नऊ गाणी आणि एकातही आरडाओरडा नाही. पहिल्याच गाण्यात पेटी. गाणी लिहितो-गातो तो पश्या, आणि पश्याच्या गाण्यात पेटी, म्हणजे आता काय उरलं.
दिवसभर मशीनवरून आलेले पार्ट तपासत होते, नापास होईल त्याला लाल टॅग लावत होते. आज जरा जास्तच लागले. सुपरवायझर म्हणाला, मॅडम आज फार कडक.

६ फेब्रु., शुक्र.
परत ऐकला. एकदा ऐकून मत बनवू नये, असं मीच बँडच्या फॅन-ग्रुपवर सगळ्यांना सांगत असते.
मत तेच.
तिसरं गाणं गॅसवर आहे. बाहेर निघालेला माणूस गॅस बंद केला का बघायला परत घरी येतो, मग परत निघतो, परत येतो. साडेपाच मिनिटं. ज्याने वीस वर्षांचा असताना 'मी न्हाई येणार' लिहिलं, ज्यावर कामशेतच्या मैदानात आमच्या चपला हरवल्या, तो आता गॅसची शेगडी गातोय. पंक म्हणतात ह्याला?
ग्रुपवर सकाळपासून नुसता जाळ. योग्या (कामशेतला तांदळाचं दुकान, पहिल्या शोपासूनचा गडी) लिहितो, "पश्या म्हातारा झाला आसंल, आमी न्हाई झालो." त्याला सगळ्यांचे अंगठे. मीही दिला. अ‍ॅडमिनने असं करू नये, पण दिला.

८ फेब्रु., रवि.
महेशला अल्बम आवडला. माझ्या नवऱ्याला. लग्नाला बारा वर्षं झाली, एकदाही शोला आला नाही, 'तुमचा तो गोंगाट' म्हणायचा. आज कांदाभजी तळताना त्याने स्वतःहून 'सावकाश' लावला आणि म्हणाला, "आता कळतंय गं, काय म्हणतोय ते."
ज्याला कधीच आवडलं नाही त्याला आवडायला लागलं. ह्याहून वाईट काय असतं?
भजी चांगली झाली होती. तसं सांगितलं नाही.

११ फेब्रु., बुध.
खरं सांगायचं तर राग गाण्यांचा नाहीच. म्हणजे आहे, पण तेवढाच नाही. पश्या माझ्या वर्गातला. तांदळाच्या गोदामामागच्या खोलीत राजनने ड्रमऐवजी पिंप बडवली तेव्हा ऐकायला आम्ही तीनच होतो. पहिल्या शोला राजन घाबरला, काठ्या हातात आणि सुरूच करेना. मग मी खालून ओरडले, "एक, दोन, अडीच!" तीन म्हणायच्या आत त्याने सुरू केलं. तेव्हापासून अठरा वर्षं प्रत्येक गाण्याआधी सगळं पब्लिक 'एक, दोन, अडीच' म्हणतं. राजन स्वतः कधी मोजत नाही. आम्ही म्हटल्याशिवाय गाणं सुरूच होत नाही.
नव्या अल्बममध्ये अडीचला जागाच नाही. गाणी आपापली हळूच सुरू होतात, घरात कोणी झोपलंय असं समजून.
आम्हाला काढून टाकलंय. ह्याचाच राग आहे.

१४ फेब्रु., शनि.
२२ला लोणावळ्यात शो. नवा अल्बम पूर्ण वाजवणार, असं पोस्टरवर आहे. खुर्च्या आहेत. 'फाटक बंद'च्या शोला खुर्च्या.
आज दुपारी योग्याच्या दुकानात आम्ही सात-आठ जण. एक म्हणाला, जायचंच नाही. योग्या म्हणाला, जायचं आणि शिट्या मारून बंद पाडायचं. "लय झालं आता. त्यांला कळाया पायजे."
मी म्हटलं, शिट्या मारल्या की त्यांना वाटेल पब्लिक पेटलंय. उलट गप्प बसायचं. पहिली तीन गाणी कोणी 'अडीच' म्हणायचं नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, मोबाइल वर नाही. आमच्याशिवाय बँड म्हणजे काय ते समजू दे. तिसरं संपलं की मी हात वर करीन. मग सगळ्यांनी मिळून 'एक, दोन, अडीच', 'मी न्हाई येणार' वाजवेपर्यंत थांबायचं नाही.
सगळे खूश. योग्याने माझ्यासाठी उसाचा रस मागवला. दहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला काही पाजलं त्याने.

१७ फेब्रु., मंगळ.
पश्याचा फोन. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनबाहेर उभी राहून बोलले.
तोही गोंधळलाय. लोक शिव्या घालताहेत ते वाचलंय त्याने. राजनचं म्हणणं, जुनंच वाजवू, तेच चालतं. पश्या म्हणाला, लोणावळ्यात जे होईल त्यावर ठरवू. नाही चाललं तर 'सावकाश' बाजूला ठेवायचा आणि पुढे कायम जुनीच वाजवायची, वाद नको.
मग विचारलं, तुला कसं वाटलं? मी म्हटलं, शो झाल्यावर बोलू.
म्हणजे सगळं आमच्याच हातात आहे. माझ्या. फोन ठेवला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. आमटी गार झाली होती, तशीच प्यायले.

२१ फेब्रु., शनि.
ग्रुपवर शेवटची सूचना टाकली. पहिल्या चार रांगा आपल्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे टी-शर्ट, फाटकाचे. माझा बसत नाही. महेशचा घेतला असता, पण त्याच्याकडे नाहीच.
योग्याने लिहिलं, "ताई, हात नीट वर करा, मागच्यास्नी दिसला पायजे."
महेशला उद्या येतोस का विचारलं. तो म्हणाला, तुम्ही कशाला चाललाय ते मला दिसतंय, मला नाही बघायचं. बरं.

२२ फेब्रु., रवि.
लिहूनच टाकते, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.
दुपारच्या लोकलने गेलो. रविवार, बाजारपेठ गाड्यांनी तुंबलेली. हॉल भरला. चार रांगा आमच्या, मागे अनोळखी लोक, बरेच आमच्यापेक्षा मोठे, काही आईवडलांना घेऊन आलेले.
पाचला सुरू. राजनने सवयीने काठ्या वर धरल्या आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही गप्प. त्याने पश्याकडे बघितलं. काठ्या तशाच वर. मग पश्याने स्वतःच गिटार सुरू केली आणि राजन मागून आला, चुकत चुकत. मनात म्हटलं, लागली का वाट.
दुसऱ्या गाण्यालाही तेच. योग्या शेजारी बसून हसू दाबत होता.
तिसरं गॅसचं. दुसऱ्या कडव्याला पश्या शब्द विसरला. तो विसरतोच, पहिल्यापासून. 'मी न्हाई येणार'चं दुसरं कडवं त्याने स्टेजवर एकदाही पूर्ण गायलेलं नाही. माइक आमच्याकडे करतो, आम्ही गातो. लोकांना ती त्याची स्टाइल वाटते. आजही त्याने माइक आमच्याकडे केला.
आम्ही गप्प. मीच सांगितलं होतं.
शब्द मला येत होते. दोन आठवडे ऐकून ऐकून शिव्या घातल्यात, येणारच. पुढची ओळ तोंडात आली होती. साठेक माणसं होती आमची, निम्म्यांना तरी येत असणार. कोणी ओठ हलवला नाही. माइक तसाच आमच्यासमोर.
मग त्याने माइक परत घेतला आणि कडवं पहिल्यापासून धरलं. विसरलेल्या जागी नुसतं गुणगुणला आणि पुढे गेला. आवाज इतका पातळ. मला माहीतच नव्हतं त्याचा आवाज एवढा पातळ आहे. अठरा वर्षं आम्ही त्याच्यावर ओरडत होतो, ऐकू कुठून येणार?
गाणं संपलं. आमच्या चारी रांगा माझ्याकडे बघताहेत. योग्याने कोपराने ढोसलं. "ताई, हात."
नाही केला.
चौथं सुरू झालं. मग पाचवं. सगळी नऊ. चारी रांगांतून कोणी चकार शब्द काढला नाही, कारण मी हात वर केला नव्हता, आणि आमची माणसं सांगितलेलं ऐकतात.
शेवटी पश्या माइकवर म्हणाला, "थँक्यू. आज पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला." डोळे पुसले आणि आत गेला. जुनं एकही वाजवलं नाही. मागचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही बसलेलो.
बाहेर योग्या काय काय बोलला ते लिहीत नाही. स्टेशनवर तो दुसऱ्या डब्यात बसला.

२३ फेब्रु., सोम.
सकाळपासून ग्रुप वाजतोय. "ताईंनी विकलं." "पश्याची वर्गमैत्रीण, अजून काय होणार." "आपल्या तोंडाला पानं पुसली." एकाने लिहिलंय की मी आणि पश्याने मिळूनच हे ठरवलं होतं. दुपारपर्यंत वीसेक जण बाहेर पडले. ज्यांच्या लग्नात मी जेवलेय असे.
एकालाही उत्तर दिलं नाही.
दया आली म्हणून हात वर केला नाही? तसं असेल तर शिट्यांपेक्षा वाईट केलं मी.
गाणी आवडली म्हणून? नाही. पेटी अजूनही नकोच वाटते.

२५ फेब्रु., बुध.
पश्याने फोटो टाकलाय. आमच्या चार रांगा, लाल-पांढरे पट्टे, सगळे हात मांडीवर, चेहरे गंभीर. खाली लिहिलंय, "हे खरे ऐकणारे."
खाली अनोळखी लोकांचं कौतुक. काय प्रगल्भ श्रोते. असं पब्लिक सगळ्यांना मिळो. योग्या मधोमध दिसतोय, रागाने जबडा आवळलेला, आणि कोणीतरी लिहिलंय, हे काका बघा किती तल्लीन झालेत.
महेश तो फोटो बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मीही हसले. मग रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.
संध्याकाळी अ‍ॅडमिनपद योग्याला देऊन टाकलं. त्याने घेतलं.

२७ फेब्रु., शुक्र.
योग्याने ग्रुपचं नाव बदललं. 'जुनं फाटक'. मला काढलं नाही, हेच खूप.
तांदूळ संपलेत. त्याच्याच दुकानातून आणते नेहमी. आज दुसरीकडून आणले. चांगले नाहीत.

२ मार्च, सोम.
पश्याचा फोन. १५ला तळेगावात शो, पुन्हा 'सावकाश', पुन्हा खुर्च्या. आता ठरलं म्हणाला, पुढे असंच वाजवायचं. राजनही तयार झालाय. म्हणाला, तुमच्या त्या शांततेने झालं सगळं.
मला राहवलं नाही. म्हटलं, पश्या, ती शांतता नव्हती. तुला पाडायला आलो होतो आम्ही. तिसरं गाणं संपलं की मी हात वर करणार होते आणि मग आरडाओरडा होणार होता.
तो म्हणाला, "माहीत होतं."
योग्याने राजनला शनिवारीच फोन करून धमकी दिली होती म्हणे, उद्या बघून घेतो तुमाला. तरी ते वाजवायला आले.
"मग थँक्यू कशाला म्हणालास? फोटो कशाला टाकलास? आमची चेष्टा करायला?"
"चेष्टा नाही. पहिल्या तीन गाण्यांना गप्प बसलात तो प्लॅन होता. पुढच्या सहांना कशाला बसलात?"
पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, त्याच्या घरची.
तो म्हणाला, "शो झाल्यावर सांगणार होतीस. आवडलं का?"
"नाही."
"बरं," म्हणाला. चिडला नाही. चिडायला हवा होता. पूर्वीचा पश्या असता तर फोन आपटला असता आणि दुसऱ्या दिवशी चहा पाजायला दारात आला असता. "बाकीचे आता येतील की नाही माहीत नाही. तू ये."
येते म्हटलं नाही. नाही येत, असंही म्हटलं नाही.

४ मार्च, बुध.
१५ला रविवार, पण ऑर्डर आहे म्हणून कंपनी चालू. माझी दुसरी शिफ्ट. आज बदलून मागितली. सुपरवायझर म्हणाला, आठ वर्षांत तुम्ही शिफ्ट बदलून मागितली नाहीत, घरात काही आहे का? कारण लिहून द्या, सही करतो.
कारणाचा रकाना सोडून बाकी फॉर्म भरला. तो तसाच पर्समध्ये आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचाय.