सक्तीची रजा

४ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी सहा.

आजपासून ऑफिस तीन आठवडे बंद. इथे परदेशात ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलैत, कारखाना बंद ठेवतात, आणि कारखानाच बंद म्हटल्यावर लिफ्टच्या दारांची ड्रॉइंग काढणारे आम्ही सहा जणही बंद. थेट सोमवारी २८ ला उघडणार. मेलमध्ये शब्द आहे 'सक्तीची रजा'. या काळात कोणीही ऑफिसात फिरकू नये, असंही लिहिलंय.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला होता. डॉक्टरांनी गुडघा बदलायला १४ तारीख दिली आहे. तेवढ्यापुरता आलास तर बरं वाटेल, रजा मिळेल का, असं विचारत होते. मी म्हणालो, रजा मिळत नाही हो बाबा, कामाचा डोंगर आहे.

शांतपणे विचार केला तर यात खोटं काही नाही. मिळण्यासाठी आधी मागावी लागते. मी मागितलीच नव्हती. ही रजा मिळालेली नाही, अंगावर पडलेली आहे. शिवाय बाबांचा फोन आला तेव्हा ही मेल आलेली नव्हती. म्हणजे आली होती, पण मी उघडली नव्हती. म्हणजे उघडली होती, शेवटपर्यंत वाचली नव्हती.

संकल्प: पहिला आठवडा विश्रांती, कारण वर्षभर मान मोडून काम केलंय. पोहायला शिकायचं. समुद्र दहा मिनिटांवर असताना दोन वर्षं गुडघाभर पाण्यात उभं राहणं शोभत नाही. आणि शनिवारी १२ ला विमानात बसून रविवारी बाबांसमोर हजर. आधी कोणाला सांगायचं नाही. सांगून गेलं तर सरप्राइज कसलं.

६ जुलै, रविवार.

दिवसभर समुद्रावर. ऊन, वारा, लाटा, झकास. इथे साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो. तिकीट संध्याकाळी बघायचं ठरवलं होतं, पण संध्याकाळ झालीच नाही.

८ जुलै, मंगळवार.

पोहण्याच्या क्लासला सुरुवात. बाई सत्तरीच्या, पण दंड पैलवानाचे. क्लासमध्ये सात विद्यार्थी. त्यातले सहा जण सहा-सात वर्षांचे. बाईंनी पाण्यात तोंड घालायला सांगितलं. सगळ्यांनी घातलं. मी म्हणालो, मला जरा सर्दी आहे. एक मुलगी माझ्याकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी भाषेचा अभ्यास वाढवणार नाही, असं ठरवलं.

दुपारी ताईचा फोन. चौदा तारीख पक्की करायची आहे, तुझं काय ते एकदाचं सांग, म्हणाली. मी म्हणालो, साहेबांशी बोलतो. अजून बोललाच नाहीस, म्हणून भडकली. ती आईबाबांपासून दोन गल्ल्यांवर राहते, त्यामुळे दवाखाने, रिपोर्ट, रांगा सगळं तिच्याच गळ्यात पडतं. साहजिक चिडचिड होते. मी समजून घेतो.

९ जुलै, बुधवार.

साहेबांशी बोललो. समुद्रावर भेटले, चड्डीवर. पाणी कसं आहे, विचारत होते. मी म्हणालो, छान आहे. मग ते पोहायला गेले.

ताईला लगेच मेसेज केला: साहेबांशी बोललो, अजून काही ठरलेलं नाही. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत. तरी पाठवल्यावर फोन उताणा न ठेवता पालथा ठेवला.

१० जुलै, गुरुवार. सकाळ.

बाबांचा फोन. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही. अडतीस वर्षं पोस्टमन होते. जगाचे निरोप पोचवले, स्वतःचा कधी पाठवला नाही. आज पुन्हा आपणहून फोन केला.

म्हणाले, चौदाचं रद्द केलंय. तुझी रजा मंजूर झाली की तारीख घेऊ. गुडघा काय कुठे पळून जातोय. मी विचारलं, दुखतं का फार. म्हणाले, छे, उतरताना दुखत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, लिफ्ट नाही. चढताना काय होतं ते मी विचारलं नाही.

मग म्हणाले, ते भूल देतात ना, त्याची जरा धास्ती वाटते रे. बाहेर बाकावर तू बसलेला असलास की झालं. असं म्हणून स्वतःच हसले. मीही हसलो.

फोन ठेवल्यावर एकदम हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याबद्दल जड वाटायला लागलं. बाराव्या तारखेची गडबड तर टळली. आता १९ ला निघायचं. यात बदल नाही.

११ जुलै, शुक्रवार.

तिकीट काढायला बसलो. वाळूत. उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसेना. चूक झाली असती तर भलत्याच शहराचं तिकीट निघालं असतं. असल्या कामात घाई नको.

१३ जुलै, रविवार.

आज थोडक्यात वाचलो. पाण्यातून नव्हे. मी टॉवेलवर पडलेलो असताना आईचा फोन आला. कॅमेरा बंदच ठेवतो मी हल्ली, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगतो. पण नेमका डोक्यावर समुद्रपक्ष्यांचा थवा आला आणि कर्कश ओरडायला लागला. आईने विचारलं, हे काय ओरडतंय. तोंडातून निघून गेलं, लिफ्टचं दार आहे, कुरकुरतंय, तेच तर दुरुस्त करतोय.

आई म्हणाली, रविवारी पण? मी म्हणालो, हो ना.

तिचा आवाज रडवेला झाला. म्हणाली, माणसाला काही दयामाया असते की नाही. तुझ्या साहेबाचं भलं होणार नाही. डोक्याला तेल लावत जा, वेळेवर जेव. आणि बाबांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.

दुपारभर चैन पडली नाही. साहेबांविषयी वाईट वाटलं. माणूस चांगला आहे, त्याला उगीच शाप लागले. खोटं बोलल्याचं म्हणाल तर वाईट वाटलंच. अगदी पोटात खड्डा पडला. मग भूक असेल म्हणून खाऊन घेतलं. खड्डा होता तसाच राहिला.

१५ जुलै, मंगळवार.

फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत राहतो तो आपल्याकडचाच आहे. मी त्याला मनात न्यायाधीश म्हणतो. बोलत काही नाही, नुसता बघतो. हॉस्पिटलात नर्स आहे, त्यामुळे त्याला रजा खरंच मिळत नाही. मी ओला टॉवेल बाल्कनीत टाकत होतो, तेव्हा हा चहा पीत बसला होता. घरचं सगळं त्याला ठाऊक आहे, कारण भिंत पातळ आहे.

आज बोलला. म्हणाला, तुझे वडील जिने कसे चढतात रे?

मी म्हणालो, त्यांना सवय आहे, पोस्टमन होते.

तो हूं म्हणाला आणि कप धुवायला गेला. एवढ्याशा हूंमध्ये माणूस किती बोलू शकतो. मी रागावून समुद्रावर गेलो आणि आइस्क्रीम घेतलं. गोड लागलं नाही. तरी संपवलं, कारण वितळत होतं.

उद्या तिकीट. उद्या म्हणजे उद्याच.

१६ जुलै, बुधवार.

सकाळी आईचा मेसेज. या आठवड्यात आम्ही फोन करणार नाही, तुझ्या कामात व्यत्यय नको, इकडे सगळं छान आहे, तू निवांत काम कर.

आई फार समजूतदार आहे. मेसेज दोनदा वाचला. तिकिटाचं आता तसं अडलेलं नाही. ती छान म्हणते आहे म्हणजे छानच असणार.

१७ जुलै, गुरुवार. सकाळी साडेदहा.

तरंगलो. हात पसरून, पोट वर करून, कोणाचाही आधार न घेता. बाईंनी आकडे मोजले, वीसपर्यंत गेले. ती सर्दीच्या दिवशीची मुलगी टाळ्या वाजवत होती. पोरगी वाईट नाही.

काठावर आलो आणि सगळ्यात आधी काय वाटलं, तर बाबांना फोन करावा. लहानपणी मला विहिरीत उतरवायला त्यांनी तीन उन्हाळे खर्च केले आणि मी तिन्ही उन्हाळे कडेला बसून रडलो. आता सांगितलं असतं तर केवढे खूश झाले असते. नंबर काढला. मग लक्षात आलं, गुरुवारी साडेदहाला मी पाण्यात काय करत होतो, हे पण सांगावं लागेल.

फोन पिशवीत टाकला. दुसरं कोणी नव्हतं सांगायला. न्यायाधीशाला सांगायची सोय नाही.

१९ जुलै, शनिवार.

आज निघायचं होतं. पण मंगळवारी क्लासची परीक्षा आहे. बाई म्हणाल्या, पास झालास तर सर्टिफिकेट देईन. अर्धवट सोडून जायची सवय बाबांना आवडत नाही. त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून थांबलो.

२१ जुलै, सोमवार. दुपार.

घेतलं. तिकीट घेतलं. बुधवारचं. गुरुवारी संध्याकाळी घरी, शनिवारी परत, सोमवारी ऑफिस. कसं केलं मलाच कळलं नाही. सकाळी दात घासताना आरशात बघत होतो. बाबा बाकाबद्दल जे बोलले ते आठवलं, आणि मी तोंडात ब्रश तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. सर्टिफिकेटचं लक्षातही आलं नाही.

इतकं बरं वाटलं. छाती भरून आली. वाटलं, आपण मुळात चांगलेच आहोत, थोडा उशीर होतो एवढंच. सरप्राइज राहू दे, पण निदान ताईला सांगू, म्हणजे ती शुक्रवारचं ऑपरेशन ठरवेल. फोन लावला. म्हणालो, ताई, रजा मिळाली, शुक्रवारची तारीख घे.

मला वाटलं, आवाज जात नाहीये. मी परत तेच म्हणालो.

मग ताई म्हणाली, अरे, ऑपरेशन झालं. बुधवारीच झालं. काल घरी आणलंय.

मंगळवारी बाबा भाजी घेऊन वर येत होते. दुसऱ्या मजल्यावर बसले ते बसलेच, उठताच येईना. शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून वर नेलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत घेतलं. मी ओरडलो, मला का नाही सांगितलं. ताई म्हणाली, बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला रजा नाही, तिकडे बसून जीव घाबरा करून घेईल. ड्रॉइंगमध्ये काही चुकलं तर एखादा माणूस लिफ्टमध्ये अडकायचा.

मी विचारलं, बाहेर कोण बसलं होतं. ती म्हणाली, मी बसले होते, आणखी कोण बसणार. आत जाताना बाबांनी दोनदा बाकाकडे वळून पाहिलं, हेही तिने सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

बुधवारी मी काय लिहिलं ते या वहीतच आहे. मागचं पान उलटून बघायची हिंमत होत नाही.

२२ जुलै, मंगळवार.

परीक्षेला गेलो नाही. बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ऑफिस कधीपासून बंद आहे, साहेब कुठे भेटले, दाराच्या नावाखाली कोण ओरडत होतं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर फार बरं झालं असतं.

आवाज खाली आणून बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस. तुला तिकडे राबवून घेतात म्हणून तिने साऱ्या बिल्डिंगला सांगितलंय. रोज तुझ्या नावाने दिवा लावते. तिला हे झेपायचं नाही.

मी बरं म्हणालो.

म्हणाले, ये तू. पण जरा दमलेला दिस.

२५ जुलै, शुक्रवार. संध्याकाळ. घर.

काल संध्याकाळी पोचलो. आईने दार उघडलं, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तीन आठवड्यांच्या उन्हाने माझा कोळसा झालाय, नाकाची सालं निघतायत. म्हणाली, काय दशा केली माझ्या पोराची त्या मेल्यांनी. ताई माझ्या नाकाकडे बघत राहिली. मी बुटांची लेस सोडायला बसलो आणि ती सुटूच नये असं वाटत होतं.

आतून, पलंगावरून बाबा म्हणाले, अगं, त्यांच्या कारखान्याचं छप्पर काचेचं आहे. दिवसभर ऊन आत येतं.

आयुष्यात दुसऱ्याचं पोस्टकार्डसुद्धा न वाचलेला हा माणूस. माझ्यासाठी खोटं बोलला, आणि जराही अडखळला नाही. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी नुसता हात ठेवला डोक्यावर. डोळ्यांकडे मी पाहिलं नाही, त्यांनी पण पाहिलं नाही.

आज दुपारी आईने बाबांच्याच खोलीत माझी गादी घातली, पडदे ओढले, पंखा मोठा केला आणि म्हणाली, झोप आता, कोणी उठवणार नाही तुला. डॉक्टरांनी बाबांना वॉकर धरून खोलीत दहा फेऱ्या मारायला सांगितल्यात. मला त्यांना धरून चालवायचं होतं, त्यासाठीच तर आलो. पण दमलेला माणूस लगेच उठून कसा बसेल.

आई दारातून कुजबुजली, हळू हं, पोरगं दमून आलंय. बाबा बरं म्हणाले. मग वॉकर फरशीवर वाजू नये म्हणून तो प्रत्येक पावलाला उचलून, अलगद टेकवत चालायला लागले. दुखत असणार. मध्येच श्वास धरत होते, सोडतानाही आवाज होऊ देत नव्हते.

मी डोळे मिटून फेऱ्या मोजत होतो. दहावी झाली की उठायचं, हात धरायचा, निदान त्यांना पाणी तरी द्यायचं, असं ठरवलं होतं.

सातवीपर्यंत आठवतंय. मग मला झोप लागली.